शब्द, लक्षण आणि खूण

ग्रंथाची समीक्षा होते, नाट्यप्रयोगाची होते, क्वचित मुद्रणाचीही होते. संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या पानाची समीक्षा मात्र आपल्या मंडळांत फारशी होत नाही. झालीच तर ती मजकुराची, शुद्धलेखनाची किंवा फार तर रंगरूपाची होते. त्या पानाच्या पोटात मजकूर कोणत्या रीतीने बांधलेला आहे, हा विषय तंत्रज्ञांचा समजून आपण तो बाजूला ठेवतो. प्रस्तुत लेखात आम्ही तोच विषय हाती घेत आहोत, आणि त्यातीलही एका लहानशा भागापुरता. लेखात एखाद्या शब्दाची व्याख्या दिलेली असेल, तर ‘ही व्याख्या आहे’ हे त्या पानाने कसे सांगावे?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपाशी जो शब्दसंचय उरला आहे, तो आता कागदावरून पडद्यावर जाऊ लागला आहे. वडिलांच्या दप्तरातील शब्द, आजीच्या स्वयंपाकघरातील शब्द, संस्थानी कारभारातील शब्द कोणी ना कोणी टंकून ठेवीत आहे. हे काम स्तुत्य आहेच. ते टिकाऊ व्हावे म्हणून कोणती काळजी घ्यावी, याचा विचार या प्रश्नाशी येऊन ठेपतो.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. संकेतस्थळावरील पान ज्या रीतीने लिहिले जाते तिला एचटीएमएल म्हणतात. ही बोलण्याची भाषा नव्हे, खुणांची भाषा आहे. मजकुराच्या आधी एक खूण व नंतर तिचीच जोडखूण घातली, की मधला मजकूर शीर्षक आहे, परिच्छेद आहे की यादी आहे, हे ब्राउझरला कळते. वाचकाला या खुणा दिसत नाहीत. त्यांचा परिणाम तेवढा दिसतो. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये या खुणांची जी पहिली छोटी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात वीसहूनही कमी खुणा होत्या. त्या मोजक्या खुणांत शब्दार्थसूचीसाठी तीन खुणा राखून ठेवलेल्या होत्या : डीएल म्हणजे संपूर्ण सूची, डीटी म्हणजे शब्द आणि डीडी म्हणजे त्याचा अर्थ. चित्रासाठी त्या यादीत खूण नव्हती, शब्दार्थासाठी होती. विद्वानांच्या टिपणांसाठी घडविलेल्या साधनाचा स्वभाव यावरून स्पष्ट होतो.

पुढे आणखी एक खूण आली, ती डीएफएन. १९९७ च्या ३.२ या आवृत्तीत ती होती आणि १९९९ च्या ४.०१ या आवृत्तीत तिचे प्रयोजन असे सांगितले गेले की, एखाद्या संज्ञेची व्याख्या ज्या ठिकाणी होते त्या ठिकाणची ती संज्ञा या खुणेने दाखवावी. शब्द लेखात पन्नास वेळा येईल. परंतु त्याची व्याख्या एकाच जागी होते. त्या जागेला ही खूण. २०१४ च्या एचटीएमएल-५ या आवृत्तीने त्यावर एक महत्त्वाची अट घातली : ज्या परिच्छेदात, सूचीतील ज्या नोंदीत किंवा ज्या विभागात ही खूण येईल, त्याच परिच्छेदात, नोंदीत वा विभागात त्या संज्ञेची व्याख्याही असली पाहिजे. याच सुमारास डीएल या खुणेचे नावही बदलले. ४.०१ मध्ये तिला ‘व्याख्यासूची’ म्हणत. नव्या संहितेत ती ‘वर्णनसूची’ झाली. २०१९ पासून या संहितेची सतत सुधारली जाणारी एकच प्रत प्रमाण मानली जाते आणि तिच्यात हे दोन्ही नियम कायम आहेत.

‘व्याख्या’ जाऊन ‘वर्णन’ आले, ही अनेकांना अवनती वाटते. आमचे मत वेगळे आहे. जुन्या संहितेने नाव व्याख्यासूची ठेवले खरे, पण त्याच खुणेत नाटकातील संवाद बसविण्याचीही मुभा दिली होती. पात्राचे नाव शब्दाच्या जागी आणि त्याचे भाषण अर्थाच्या जागी! नाव एक आणि व्यवहार दुसरा, अशी ती स्थिती होती. नव्या संहितेने संवादांना तेथून हद्दपार केले आणि सूचीचे काम फक्त जोड्या लावण्याचे आहे, असे सांगितले. प्रश्न व उत्तर, पुस्तक व त्याचा तपशील, शब्द व त्याचा अर्थ अशा कोणत्याही जोड्या तिच्यात बसतात. त्यांपैकी एखादी जोडी ही शब्दाची व्याख्या आहे, असे म्हणावयाचे असेल तर शब्दावर डीएफएनची खूण घातली पाहिजे. म्हणजे सूची हा आकार झाला आणि डीएफएन हे विधान झाले. आकार आणि विधान यांची ही फारकत आम्हांस शास्त्रशुद्ध वाटते.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. पाणिनीच्या व्याकरणाचा आरंभच एका संज्ञेच्या व्याख्येने होतो. संज्ञा एकदा बांधली की पुढे हजारो सूत्रांत ती पुन्हा न सांगता वापरता येते. कोशांकडे पाहिले तरी हेच दिसेल. अमरकोशात एका अर्थाभोवती अनेक शब्द गोळा केलेले आहेत. मोल्सवर्थच्या कोशात, म्हणजे १८३१ च्या पहिल्या आणि १८५७ च्या वाढविलेल्या आवृत्तीत, एका शब्दाखाली अनेक अर्थ रचलेले आहेत. शिवकालीन राजव्यवहारकोशात यावनी शब्द व त्याचा संस्कृत प्रतिशब्द यांच्या जोड्या दहा वर्गांत पद्यबद्ध केल्या आहेत. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९३१ मध्ये निघालेल्या श्रीसयाजी शासनशब्दकल्पतरूत एका शासकीय संज्ञेसमोर अनेक भाषांतील पर्याय ओळीने मांडले आहेत. डीएल या खुणेत एका डीटीला अनेक डीडी, अनेक डीटींना एक डीडी, किंवा एकास एक, अशी कोणतीही रचना चालते. आपले हे चारही कोश तिच्यात ओढाताण न करता बसतात. परदेशात घडलेले एखादे साधन आपल्या सामग्रीला इतके नेमके बसावे, हे विरळा.

साधन चांगले असले तरी त्याचा वापर कसा होतो, हे पाहिले पाहिजे. तर्कशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. गाय म्हणजे कपिल वर्णाची, असे म्हटले तर इतर रंगांच्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेली, असे म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एक खूर असलेली, असे म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाचा अभ्यास केलेल्या वाचकांना हे पाठ असेल. पानांवरील व्याख्यांची मांडणी याच तीन कसोट्यांवर घासून पाहावी, अशी आमची सूचना आहे.

अव्याप्ती सर्वत्र आहे. मराठी शब्दसंग्रहांची पाने उघडून पाहावीत. शब्द ठळक असतो, पुढे एक आडवी रेघ असते आणि मग अर्थ येतो. डोळ्यांना हे पुरते. परंतु पानाच्या पोटात पाहिले तर तेथे ‘ठळक’ एवढीच खूण असते. त्याच पानावर देणगीदाराचे नावही ठळक असते, प्रकरणाचे शीर्षक ठळक असते आणि सभेच्या तारखेची सूचनाही ठळकच असते. यांतील शब्द कोणता, देणगीदार कोण आणि सूचना कोणती, हे माणूस संदर्भाने ओळखतो. यंत्राला ते ओळखता येत नाही. उद्या या पानावरील सर्व शब्दांची वर्णानुक्रमे सूची काढा म्हटले, तर देणगीदारांसकट सूची हाती येईल.

अतिव्याप्ती याच्या उलट आहे. ब्राउझर डीडीचा मजकूर थोडा आत सरकवून दाखवितो. म्हणून केवळ समास सोडण्यासाठी ही खूण वापरण्याची वाईट खोड जगभर लागली होती. ती अद्याप पुरती गेलेली नाही. डीएफएनचा मजकूर ब्राउझर तिरपा दाखवितो. म्हणून काहीजण ग्रंथनामांना किंवा परभाषेतील शब्दांना हीच खूण चढवितात. तेथे व्याख्या नसतेच. शिंगे दिसली म्हणून म्हशीला गाय म्हणण्यासारखेच हे झाले.

असंभवाचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. संज्ञेवर खूण आहे, पण तिचा अर्थ परिच्छेदात नाही. तो एका लपलेल्या टिपेत ठेवला आहे. शब्दावर माउसचा बाण नेला की ती टीप क्षणभर तरंगते. मोबाइलवर बाण नसतो, त्यामुळे टीप उघडत नाही. केवळ कळफलकावर काम करणाऱ्याला ती सापडत नाही आणि कागदावर पान छापले तर ती उमटत नाही. खुद्द संहितेनेच अशा टिपेवर विसंबू नये असे बजाविले आहे. व्याख्या आहे असे सांगायचे आणि बहुसंख्य वाचकांना ती दिसणारच नाही अशी व्यवस्था करायची, याला असंभव नाही तर काय म्हणावे?

आता संहितेविषयीच आमचे दोन आक्षेप. शासकीय सेवेत अधिनियम व नियम यांच्याशी ज्यांचा संबंध आला, त्यांना ‘व्याख्या’ या कलमाचे महत्त्व सांगावयास नको. आपल्याकडील अधिनियमांत ते कलम बहुधा दुसरे असते. त्यातील प्रत्येक संज्ञा अवतरणचिन्हांत असते आणि तिच्यापुढे दोनांपैकी एक शब्दयोजना येते : ‘याचा अर्थ’ किंवा ‘यात समावेश होतो’. पहिलीने व्याख्येचे कुंपण बंद होते. दुसरीने ते उघडे राहते. संज्ञेचा नेहमीचा अर्थ कायम राहून त्यात आणखी काही घातले जाते. या एका भेदावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद चाललेले आहेत. एचटीएमएलमध्ये हा भेद दाखविण्याची सोय नाही. बंद व्याख्या आणि उघडी व्याख्या या दोहोंना खूण एकच. भेद शब्दांतूनच सांगावा लागतो. हा आमचा पहिला आक्षेप.

दुसरा आक्षेप व्याप्तिक्षेत्राचा. अधिनियमातील व्याख्या ‘या अधिनियमापुरती’ असते, शिवाय संदर्भाने अन्य अर्थ होत नसेल तरच लागू होते. एका अधिनियमातील ‘कुटुंब’ दुसऱ्यातील ‘कुटुंब’ नव्हे. डीएफएन ही खूण व्याख्या कोठे आहे हे सांगते. ती कोठपर्यंत चालते हे सांगत नाही. एका पानापुरती की संपूर्ण संकेतस्थळापुरती, हे लेखकाने स्वतः लिहावे लागते. संहिता रचणाऱ्यांनी ही उणीव बहुधा जाणूनबुजून ठेवली असेल, कारण खुणांची संख्या वाढविणे हाही एक दोषच आहे. तथापि वापरणाऱ्याने ही मर्यादा ध्यानी ठेवली पाहिजे; खूण घातली म्हणजे लेखकाची जबाबदारी संपली, असे नाही.

या आक्षेपांनंतर मराठीच्या खास अडचणींकडे वळू. डीएफएनचा मजकूर तिरपा दिसतो, असे वर म्हटले. रोमन लिपीत तिरप्या अक्षरांना शतकांची परंपरा आहे. त्यांचे वळणच स्वतंत्र असते. देवनागरीला ती परंपरा नाही. संगणक सरळ अक्षरालाच एका बाजूला झुकवितो. शिरोरेषा आडवीच राहते आणि काने तेवढे कलंडतात. आपल्या मुद्रणात संज्ञा ठळक टाइपात किंवा एकेरी अवतरणांत छापण्याची रीत आहे, आणि तीच योग्य आहे. सुदैवाने खूण एक आणि तिचे दर्शन दुसरे, अशी व्यवस्था एचटीएमएलमध्ये आहे. या पानावरील प्रत्येक डीएफएन तिरपा न दाखविता ठळक दाखवावा, असे सीएसएस या सोबतच्या शैलीपत्रात एका ओळीत लिहिता येते. शेकडो शब्दांना ती एक ओळ पुरते. ठळकपणा मात्र हाताने घातला असेल, तर शेकडो ठिकाणी बोट लावावे लागते.

दुसरी अडचण भाषेच्या खुणेची. कोणता मजकूर कोणत्या भाषेत आहे, हे सांगण्याची सोय एचटीएमएलमध्ये आहे. मराठीसाठी ‘एमआर’, हिंदीसाठी ‘एचआय’, गुजरातीसाठी ‘जीयू’, संस्कृतसाठी ‘एसए’ असे संकेत आहेत. बहुभाषक प्रदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सोय अत्यंत मोलाची आहे. ‘राजीनामा’ हा शब्द घ्या. मराठीत आणि गुजरातीत तो पदत्याग. हिंदी मुलखातील कचेऱ्यांत तो वादी-प्रतिवादींचा समेट. ‘शिक्षा’ मराठीत दंड, हिंदीत अध्ययन. लिपी एक, अक्षरे तीच, अर्थ भिन्न. इंदूरच्या किंवा ग्वाल्हेरच्या घरातील जुन्या कागदांचा संग्रह पडद्यावर मांडताना कोणता ‘राजीनामा’ मराठी आणि कोणता हिंदी, हे खुणेने सांगितले नाही, तर शोध घेणाऱ्या पुढच्या माणसाची निश्चित फसगत होईल.

भाषेची खूण केवळ अर्थासाठी नाही. ज्यांची दृष्टी गेली आहे त्यांना पानावरील मजकूर स्क्रीन रीडर वाचून दाखवितो. पान मराठी आहे हे त्याला सांगितले नाही, तर तो हिंदीच्या उच्चारांनी वाचू शकतो. मग ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतील ‘च’ एकाच साच्याचा होतो, ‘जग’ आणि ‘जहाज’ यांतील भेद नाहीसा होतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पानाची भाषा सांगणे ही सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांना आवश्यक अशा पातळीवरील अट आहे. अपरिचित शब्दांच्या व्याख्या आणि संक्षेपांची पूर्ण रूपे उपलब्ध करून देणे ही अट मात्र सर्वांत वरच्या पातळीवर ठेवली आहे, म्हणजे बहुतेक ठिकाणी ती ऐच्छिक ठरते. हा क्रम आमच्या मते शब्दसंग्रहांना लागू पडत नाही. शब्दार्थ सांगणे हेच ज्या पानाचे काम, त्याने शब्दार्थाची खूण ऐच्छिक मानणे म्हणजे पोस्टाने पत्त्याला ऐच्छिक मानण्यासारखे आहे.

संक्षेपांचा उल्लेख आला म्हणून तिसरी अडचण. आपल्या जुन्या पत्रव्यवहारात संक्षेपांची रेलचेल आहे. ‘सा. न. वि. वि.’, ‘ती. स्व.’, ‘अ. उ. आ.’, ‘रा. रा.’ ही अक्षरे ज्यांच्या डोळ्यांखालून गेली, ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, ‘तीर्थस्वरूप’, ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, ‘राजमान्य राजश्री’ ही त्यांची पूर्ण रूपे नातवंडांना सांगावी लागतात. एचटीएमएलमध्ये संक्षेपासाठी एबीबीआर ही स्वतंत्र खूण आहे. मात्र येथेही पूर्ण रूप केवळ तरंगत्या टिपेत न ठेवता, पहिल्या वेळी ते मजकुरातच लिहावे आणि संक्षेपावर खूण घालावी. मूळ पत्रातील अक्षर बदलायचे नसेल, तर शेवटी सूची जोडून प्रत्येक संक्षेपाकडून तिच्याकडे दुवा द्यावा.

हे सर्व एका शब्दावर करून पाहू. ‘प्रांत’ हा शब्द बडोदे संस्थानात जिल्ह्याएवढ्या विभागाचे नाव होता. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली हे ते प्रांत, आणि त्यांवरील अधिकारी ‘सुभा’. मुंबई इलाख्यात व आजच्या महाराष्ट्रात ‘प्रांत’ म्हटले की उपविभागाचा अधिकारी डोळ्यांपुढे येतो. म्हणजे एकीकडे तो प्रदेश, दुसरीकडे तो मनुष्य. त्याच्याच जोडीला ‘वहिवाटदार’ हा शब्द घ्या. बडोद्याच्या कारभारात तो महालाचा मुख्य अधिकारी, इतरत्र ज्याला मामलेदार म्हणत तो. आजच्या मराठी वाचकाला मात्र जमिनीची वहिवाट करणारा माणूस, असाच अर्थ सुचतो. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, त्यालाही आता पाऊणशे वर्षे होऊन गेली. त्या काळातील अर्जावर ‘वहिवाटदारांचे हुजुरास’ असे लिहिलेले वाचून आजचा अभ्यासक तो अर्ज कोणा शेतकऱ्याला केलेला समजला, तर त्याला दोष देता येणार नाही.

चांगल्या पानावर ही नोंद अशी असेल : सूचीत ‘प्रांत’ हा शब्द डीटीमध्ये, त्यावर डीएफएनची खूण, त्या शब्दाला एक कायमचे ओळखनाव, ज्यायोगे कोठूनही थेट त्या नोंदीवर येता यावे. त्याखाली दोन डीडी. पहिल्याच्या आरंभी ‘बडोदे संस्थान’ आणि दुसऱ्याच्या आरंभी ‘मुंबई इलाखा व महाराष्ट्र’, म्हणजे व्याप्तिक्षेत्राची जी उणीव आम्ही वर दाखविली ती शब्दांनी भरून निघेल. ‘सुभा’ हा शब्द या नोंदीत आला तर त्यावर डीएफएन नको. तेथे त्याची व्याख्या होत नाही, केवळ वापर होतो. तेथून ‘सुभा’च्या नोंदीकडे दुवा द्यावा. व्याख्येच्या जागी खूण आणि वापराच्या जागी दुवा, एवढा एकच नियम पाळला तरी अर्धे काम होते. आंतरराष्ट्रीय संहितांची पाने स्वतः हाच नियम पाळतात. तेथे व्याख्येच्या जागेवर टिचकी मारली की ती संज्ञा कोठे कोठे वापरली आहे त्याची यादी उघडते. अशी सोय आपल्या एखाद्या संस्थानी शब्दांच्या कोशाला लाभली, तर दप्तरांच्या अभ्यासाला केवढी गती येईल!

यावर एक आक्षेप निश्चित येईल, आणि तो गंभीर आहे. डीएफएन घातले काय अन् न घातले काय, वाचकाला फरक दिसत नाही. स्क्रीन रीडरही सामान्यतः या खुणेपाशी थांबून वेगळे काही सांगत नाहीत. मग मंडळाच्या वृद्ध स्वयंसेवकांनी हा खटाटोप का करावा?

याचे उत्तर आपल्याच अनुभवात आहे. १९९० नंतरच्या दोन दशकांत मराठी मजकूर संगणकावर टंकला गेला तो बहुतांशी अशा फाँटांत, की ज्यात आतील अक्षर रोमन आणि वरचे रूप तेवढे देवनागरी. छापील पान सुंदर येत असे. पण तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की साऱ्या लेखाचा चिवडा होई. स्मरणिका, वंशावळी, अध्यक्षीय भाषणे असे किती साहित्य या कारणाने निरुपयोगी झाले, याची आठवण प्रत्येक मंडळात असेल. गंमत अशी की अक्षराला स्वतःची ओळख देणारी युनिकोड ही व्यवस्था, देवनागरीसह, १९९१ मध्येच प्रसिद्ध झाली होती. आपण तिच्याकडे बराच काळ पाहिले नाही, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या रूपावर आपले समाधान होते. रूप टिकले नाही, ओळख टिकली. जे अक्षरांच्या बाबतीत घडले तेच मजकुराच्या रचनेच्या बाबतीत घडणार आहे. आज ठळक केलेला शब्द उद्या दुसऱ्या साधनात नेताना ठळकपणा गळून पडेल; मग शब्द कोणता आणि वाक्य कोणते, हे सांगणारा कोणी उरणार नाही. डीएफएनची खूण आजच्या वाचकासाठी कमी आणि उद्याच्या नकलकारासाठी अधिक आहे.

शिवाय हा खटाटोप फार मोठाही नाही. शिकावयाच्या खुणा पाच : डीएल, डीटी, डीडी, डीएफएन, एबीबीआर, आणि सहावी गोष्ट म्हणजे भाषेचा संकेत. ज्या पिढीने मोडी वाचली, हिशेबाच्या वह्या चोख ठेवल्या आणि कचेरीत प्रत्येक कागदावर पृष्ठांक घातला, तिला हे जड जाऊ नये. तंत्रज्ञ नातवाला ‘पान सुंदर कर’ एवढेच सांगून आपण स्वस्थ बसतो. तो पान सुंदर करतो. कारण शब्द कोणता, व्याख्या कोणती आणि ती कोणत्या मुलखापुरती, हे त्याला ठाऊक नसते. ते ज्ञान आपल्यापाशी आहे. खूण घालण्याचे कौशल्य त्याचे, पण ती कोठे घालावी याचा निर्णय आपला. हा निर्णय म्हणजेच संपादन होय, आणि तो यंत्रावर किंवा नातवावर ढकलता येत नाही.

तेव्हा आमचे मत थोडक्यात असे. एचटीएमएलची शब्दार्थविषयक व्यवस्था मर्यादित असली तरी विचारपूर्वक रचलेली आहे. बंद आणि उघडी व्याख्या यांतील भेद व व्याख्येचे क्षेत्र या दोन बाबतींत ती अपुरी आहे, आणि ती उणीव लेखकाने शब्दांनी भरली पाहिजे. मराठी शब्दसंग्रहांची आजची मांडणी मात्र डोळ्यांपुरती आहे. तिच्यात अव्याप्ती आहे, अतिव्याप्ती आहे आणि क्वचित असंभवही आहे. ज्या मंडळांनी आपल्या गावचा शब्दसंग्रह पडद्यावर आणण्याचे योजिले असेल, त्यांनी पहिले शंभर शब्द घेऊन, प्रत्येकाची व्याख्या, क्षेत्र आणि भाषा निश्चित करून मगच टंकनास आरंभ करावा. शब्द सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत. एखाद्या नोंदीत शंका आली, तर त्यांच्या घरी जाऊन विचारता येते. ही सोय कोणत्याही संहितेत नाही आणि ती फार काळ राहणारीही नाही.